हब मोटरवरचा कोड: कुठला आकडा खरा धरायचा, कुठला मोजून घ्यायचा

ई-सायकलची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, जळाली, कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा डबा) बदलायचा आहे किंवा कुणाची वापरलेली मोटर घ्यायची आहे. तिन्ही वेळा समोरचा आधी विचारतो, ‘मोटर कुठली?’ उत्तर बहुधा ‘छत्तीस व्होल्ट, अडीचशे वॉट’ एवढंच येतं. एवढ्यावर ना सुटे भाग मिळतात, ना कंट्रोलर जुळतो. हेच दोन आकडे लिहिलेल्या दोन मोटरींपैकी एक सव्वीस इंची चाकासाठी बनवलेली असते आणि दुसरी वीस इंची फोल्डिंग सायकलसाठी. त्यांची अदलाबदल केली तर एक रांगते आणि दुसरी चढावर तापते.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. कोडावरून मोटरची मालिका, ती पुढची की मागची, ब्रेक कुठला आणि आतल्या लोखंडाचा आकार हे बऱ्यापैकी भरवशाने कळतं. वाइंडिंग, म्हणजे मोटर दर व्होल्टामागे किती फेरे मारते, हे काही कोडांतच असतं. बाकी वेळा मोजावं लागतं. वॉटचा आकडा सगळ्यांत ठळक छापलेला असतो आणि सगळ्यांत कमी कामाचा असतो.

(मोटरवर अक्षरं रोमन लिपीत असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

काय जवळ ठेवायचं

साधा मल्टिमीटर, २०० मिमीचा व्हर्नियर, सामान तोलायचा डिजिटल काटा, टी२५ टॉर्क्स पाना, १८ आणि १९ मिमीचे पाने, पांढरा खडू, सुती फडकं, आणि स्लो-मोशन चित्रण होणारा मोबाइल. मोटर उघडायची गरज नाही. मोजमापाच्या पायऱ्यांआधी बॅटरी काढून ठेवा. कंट्रोलर जोडून मोजायचं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: कोड शोधा

पहिल्यांदा बघायचं ते चेनच्या विरुद्ध बाजूचं झाकण, म्हणजे डिस्क ब्रेकची चकती बसते ती बाजू. बऱ्याचदा कोड चकतीच्या मागेच लपलेला असतो. टी२५ पान्याने सहा बोल्ट सोडवून चकती काढा. ती बाहेर असताना तिला तेलकट हात लावू नका, नाहीतर नंतर ब्रेक किंचाळतात. दुसरी जागा म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्पोकच्या भोकांच्या मधला गोल पट्टा. तिसरी जागा म्हणजे वायर बाहेर येते तिथलं स्टिकर.

लेझरने कोरलेली अक्षरं मळ बसून दिसेनाशी होतात. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, वरून खडू घासा आणि सुक्या बोटाने जादा भुकटी काढा. खाचांत राहिलेला खडू अक्षरं दाखवतो. टॉर्च समोरून धरू नका, आडवी धरा. अक्षरं शाईची असतील तर थिनर, पेट्रोल आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. एकदा पुसल्यावर ती परत येत नाहीत.

फोटो जवळून आणि सरळ काढा. शून्य आणि ओ, आठ आणि बी, पाच आणि एस यांची गफलत इथेच होते.

पायरी २: नको ते आकडे बाजूला काढा

मोटरवर तीन प्रकारचं लिखाण असतं. पहिला मॉडेल कोड. दुसरा लांबलचक अनुक्रमांक, ज्यात बहुधा उत्पादनाची तारीख गुंफलेली असते. वॉरंटी सोडली तर आपल्याला त्याचा उपयोग नाही. तिसरे झाकणाच्या ओतकामातच उठून आलेले आकडे. हे साच्याचे क्रमांक असतात आणि एकच झाकण अनेक मॉडेलांना बसतं. उठावाचा आकडा कोड समजून इंटरनेटवर शोधत बसण्यात नवख्यांचा बराच वेळ जातो.

कोडाच्या शेजारी सुटा ‘२०’, ‘२६’ किंवा ‘७००सी’ दिसला तर तो टिपून ठेवा. कारखान्याने कुठल्या चाकासाठी वाइंडिंग केलं याची ती खूण असते. बऱ्याच मोटरींवर वेगाबद्दलचा छापील सुगावा एवढाच असतो.

पायरी ३: बाफांगचा कोड फोडा

सुरुवात इथून करण्याचं कारण सोपं आहे: बाफांगची पद्धत शिस्तशीर आहे आणि या मोटरी सगळीकडे दिसतात. (फार जुन्या मोटरींवर ‘८ फन’ असं नाव सापडेल, ती हीच कंपनी.) समजा, कोड असा आहे:

आरएम जी०२०.२५०.डी

‘आरएम’ म्हणजे मागच्या चाकाची मोटर. पुढची असती तर ‘एफएम’ असतं. ‘एमएम’ दिसलं तर ती हब मोटर नव्हेच, पेडलच्या जागी बसणारी मिड मोटर आहे. उदाहरणार्थ, बाजारात बीबीएसएचडी नावाने विकली जाणारी मोटर अंगावर ‘एमएम जी३२०.१०००’ असा कोड वागवते. जाहिरातीतलं नाव एक आणि कोरलेलं नाव दुसरं, हा प्रकार बाफांगमध्ये नेहमीचा आहे. सुटे भाग मागवताना कोरलेलं नावच सांगा.

‘जी०२०’ ही मालिका. गिअर, क्लच, झाकण, बेअरिंग कुठलं लागणार हे इथून ठरतं. ‘२५०’ म्हणजे वॉट. त्यावर पुढे बोलू. शेवटचं अक्षर ब्रेकचं: ‘डी’ म्हणजे डिस्क, ‘व्ही’ म्हणजे रिमवर दाबणारा ब्रेक, ‘आर’ म्हणजे रोलर ब्रेक. ‘डीसी’ असेल तर डिस्कसोबत कॅसेट, म्हणजे गिअरचा संच खाचांवर सरकवून बसवायचा. नुसतं ‘डी’ असलेल्या मागच्या मोटरीला बहुतेक वेळा आट्यांवर चढणारं फ्रीव्हील असतं. जाड टायरच्या सायकलींवर दिसणारा ‘आरएम जी०६०.७५०.डीसी’ आता तुम्हालाच वाचता येईल.

आता एक आकडा किती फरक करतो ते बघा. जी३१० आणि जी३११ बाहेरून सारख्या दिसतात. आत दोन्हींत ११:१ चे तिरप्या दात्यांचे गिअर आहेत. फरक वाइंडिंगचा: जी३११ वेगवान, लहान चाकासाठी, जी३१० त्यापेक्षा संथ, सव्वीस इंच आणि त्यावरच्या चाकासाठी. फोटोत शेवटचा आकडा पुसट असेल तर ‘जी३१० च असेल’ असं गृहीत धरून पैसे देऊ नका.

बाफांगच्या जुन्या बीपीएम आणि एसडब्ल्यूएक्स मालिकांत मॉडेलच्या पुढे ‘कोड १०’, ‘कोड १३’ असं लिहिलेलं सापडतं. हा वाइंडिंगचा क्रमांक आहे. तो जितका मोठा, तितकी मोटर संथ.

पायरी ४: आकार आणि वेढे सांगणारे कोड

गिअर नसलेल्या, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह मोटरींत कोडाचा रोख वेगळा असतो. तिथे लोखंडाचं माप सांगतात, कारण मोटरची ताकद त्यावरच अवलंबून असते.

नाइन कॉन्टिनेंट या कंपनीचा ‘२८०७’ घ्या. ‘२८’ म्हणजे स्टेटरची (आतल्या, तार गुंडाळलेल्या लोखंडाची) रुंदी २८ मिमी. ‘०७’ म्हणजे प्रत्येक दातावर तारेचे सात वेढे. त्याच मालिकेतली २८०६ तिच्यापेक्षा वेगवान आणि २८१० संथ. हिशेब सरळ आहे: लोखंड तेच असेल तर वेग वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात जातो. सातावरून दहा वेढ्यांवर गेलं की वेग सत्तर टक्क्यांवर येतो. क्रिस्टलाइटच्या जुन्या ५३०४ आणि ५३०५ मध्येही शेवटचा आकडा वेढ्यांचाच आहे, चार आणि पाच.

क्यूएस मोटरचा ‘२०५ ५०एच’ वाचताना ‘२०५’ हा आतला व्यास मिलिमीटरमध्ये आणि ‘५०एच’ ही चुंबकाची उंची, ५० मिमी. मागे ‘व्ही३’ असेल तर ती आवृत्ती; तिचा व्होल्टशी काही संबंध नाही. यानंतर ‘३टी’, ‘४टी’, ‘५टी’ यांपैकी काही लिहिलं असेल तर ते वेढे. एमएक्सयूएसच्या ‘एक्सएफ४०-४५एच’ मध्येही ४५ हे चुंबकाचे मिलिमीटर आहेत. ही नऊ किलोच्या आसपासची मोटर आहे. साध्या सायकलच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर ती चढवण्याआधी दोनदा विचार करा.

एमएक्सयूएसच्या लहान, गिअरवाल्या मोटरींत शेपटीचं अक्षर बघायचं: ‘एक्सएफ१५एफ’ पुढची, ‘एक्सएफ१५आर’ मागची, ‘एक्सएफ१५सी’ मागची पण कॅसेटवाली.

इथे एक सावधगिरी. तेच अक्षर प्रत्येक कंपनीत तोच अर्थ देत नाही. बाफांगच्या शेपटीतला ‘आर’ रोलर ब्रेकचा, एमएक्सयूएसचा ‘आर’ मागच्या चाकाचा. क्यूएसमधला ‘एच’ मिलिमीटरचा, पण ‘क्यू१००एच’ मधला ‘एच’ मिलिमीटरचा नव्हे. आधी कंपनी ओळखा, मग अक्षराचा अर्थ लावा; उलटं केलं की फसलात.

पायरी ५: फेरे सांगणारे कोड

‘क्यू१००’, ‘क्यू१२८’ या लहान गिअर मोटरींवर सुटा आकडा असतो: २०१, २६० किंवा ३२८. हे चाकाचे मिनिटाला फेरे, ठरलेल्या व्होल्टेजला. आकडे विचित्र वाटतात, पण गुणाकार केला की उलगडतात. सव्वीस इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर.

२०१ × २.०७ × ६० ÷ १००० = सुमारे २५ किमी प्रतितास

म्हणजे २०१ हे सव्वीस इंची चाकावरच्या कायदेशीर पंचविसासाठी केलेलं वाइंडिंग आहे. त्याच चाकात ३२८ ची मोटर टाकली तर रिकाम्या चाकाचा वेग चाळिशीपार जातो. वीस इंची चाकाचा घेर साधारण १.५५ मीटर, त्यात ३२८ बसवली की तीसच्या आसपास आणि २६० बसवली की चोविसाच्या आसपास. हा आकडा रिकाम्या चाकाचा की भाराखालचा, यावर विक्रेत्यांचं एकमत नसतं. म्हणून तो दिशा दाखवणारा धरा आणि पुढची पायरी करूनच खात्री करा.

पायरी ६: कोड नाही, किंवा भरवसा नाही? मोजा

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच किटमधल्या मोटरींवर ‘३६ व्होल्ट २५० वॉट बीएलडीसी’ (बीएलडीसी म्हणजे ब्रशलेस मोटर) पलीकडे काही नसतं. तेव्हा खालच्या चाचण्या त्याच क्रमाने करा.

*वायरी मोजा.* जाड तीन वायरी (निळी, हिरवी, पिवळी) म्हणजे ब्रशलेस मोटर. सोबत पाच बारीक (लाल, काळी आणि तेच तीन रंग) असतील तर हॉल सेन्सरही (फिरणाऱ्या चुंबकांची जागा सांगणारे) आहेत. नऊ पिनांचा गोल जलरोधक कनेक्टर असेल तर नववी, बहुधा पांढरी, वायर चाकाच्या वेगाची. फक्त दोन जाड वायरी दिसल्या तर ती ब्रशवाली मोटर. आपल्याकडे चेनने जोडायच्या किटमध्ये सर्रास येणारी ‘एमवाय१०१६झेड२’ या जातीची. ती हब मोटर नाही आणि ब्रशलेस कंट्रोलर तिला चालत नाही.

*गिअर आहे की नाही बघा.* मोटर कंट्रोलरपासून पूर्ण सोडवा. तिन्ही जाड वायरींची टोकं एकमेकींना जोडा आणि चाक हाताने फिरवा. दोन्ही दिशांना जड, धक्के देत फिरलं तर डायरेक्ट ड्राइव्ह. पुढे हलकं आणि मागे जड फिरलं तर आत गिअर आणि क्लच आहे. मागे फिरवतानाही हलकंच लागलं तर क्लच घसरतोय, गिअर झिजलेत किंवा वाइंडिंग तुटलंय. अशी मोटर स्वस्तात मिळाली तरी ती खरी स्वस्त नसते.

*वजन करा.* काट्यावर मोटर खोटं बोलत नाही. गिअरवाली दोन ते तीन किलोची असेल तर ती अडीचशे वॉटच्या वर्गातली. चार ते पाच किलोची असेल तर पाचशे ते साडेसातशेच्या. २८ मिमी रुंदीची डायरेक्ट ड्राइव्ह सहा किलोच्या आसपास भरते. वजन रिम आणि स्पोकशिवायचं हवं, हे विकणाऱ्याला स्पष्ट सांगा.

*दर व्होल्टामागचे फेरे मोजा.* सगळ्या चाचण्यांत महत्त्वाची हीच, आणि सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते तीही हीच. आता बॅटरी आणि कंट्रोलर जोडा. सायकल उलटी करा किंवा स्टँडवर चाक अधांतरी घ्या. डिस्प्लेमधली वेगमर्यादा काढा, नाहीतर तुम्ही मोटर नव्हे, डिस्प्ले मोजाल. एका स्पोकला पांढरी चिकटपट्टी लावा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. त्याच वेळी बॅटरीचं व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा.

दहा फेऱ्यांना ५०७ फ्रेम लागल्या असं समजा. २४० × ६० × १० ÷ ५०७ = २८४ फेरे मिनिटाला. बॅटरी त्या क्षणी ४०.६ व्होल्ट दाखवत होती. २८४ ÷ ४०.६ = ७. ही मोटर ‘व्होल्टाला सात फेरे’ आहे, आणि हा आकडा कुठल्याही बॅटरीवर, कुठल्याही चाकात तोच राहतो. व्होल्ट वाचताना बॅटरीवर छापलेले ३६ धरू नका. दहा सेलच्या मालिकेची ३६ व्होल्ट बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट असते आणि तेरा सेलची ४८ व्होल्टची ५४.६. छापील आकडा धरला तर उत्तर सहज पंधरा टक्क्यांनी चुकतं.

कंट्रोलर नसेल तर ड्रिलने आस धरून किंवा चाक घासून मोटर फिरवा आणि कुठल्याही दोन जाड वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. गिअरवाली असेल तर उलट्या दिशेने फिरवावी लागेल, कारण पुढे क्लच सोडून देतो. मिनिटाला २०० फेऱ्यांना मीटरने १४.१ व्होल्ट दाखवले तर शिखर व्होल्टेज त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे २०. म्हणजे व्होल्टाला दहा फेरे. ही चाचणी करताना तिन्ही वायरी सुट्या आणि एकमेकींना न लागता ठेवा.

*ध्रुवांच्या जोड्या मोजा.* म्हणजे आतल्या चुंबकांच्या उत्तर-दक्षिण जोड्या. आधुनिक कंट्रोलर आणि डिस्प्ले हा आकडा विचारतात; चुकला तर वेग दुप्पट किंवा निम्मा दिसतो. हॉलच्या लाल-काळ्या वायरींना कंट्रोलरमधून ५ व्होल्ट द्या, बारीक पिवळ्या आणि काळ्या वायरीमध्ये डीसी व्होल्ट बघा आणि चाक अगदी हळू फिरवा (गिअरवालं असेल तर मागे). काटा शून्य ते पाच किती वेळा गेला ते एका पूर्ण फेऱ्यात मोजा. नाइन कॉन्टिनेंटच्या २८ मालिकेत २३ येतील, क्यूएसच्या २०५ मध्ये १६. जी३१० मध्ये ८८, कारण आठ जोड्या गुणिले गिअरचे अकरा. कोड पुसलेल्या मोटरीची ओळख पटवायला याच्याइतका पक्का पुरावा नाही. बाहेरचं कवच नकली असू शकतं, आतली चुंबकं बदलून कुणी विकत नाही.

पायरी ७: फ्रेममध्ये बसेल का

आसावर दोन्ही लॉकनटांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. पुढचं साधं चाक १०० मिमी, मागचं डिस्कवालं १३५ मिमी. जाड टायरच्या सायकलींत मागे १७० ते १९० मिमी आणि पुढे १३५ मिमीही सापडतं. जाड टायरची पुढची मोटर मागच्या साध्या सायकलला चालेल असं त्यामुळे वाटतं, पण तिला फ्रीव्हीलच नसतं.

मग आस. सायकलच्या मोटरींत १२ मिमी आट्यांचा आस आणि दोन सपाट बाजूंमध्ये १० मिमी हे सर्वांत जास्त दिसतं. जड डायरेक्ट ड्राइव्हला १४ मिमी. फ्रेमची खाच १० मिमीची असायला हवी. अर्धा मिमी जास्त असेल तरी आस खाचेत डुलतो, नट सैल होतात आणि एक दिवस आस गोल फिरून वायरी पिळून तोडतो. टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारी पट्टी, बसवा. पाचशे वॉटच्या वर किंवा ॲल्युमिनियमच्या पुढच्या फोर्कवर तो ऐच्छिक समजू नका.

वॉटचं काय करायचं

मोटरला स्वतःचे ठरीव वॉट नसतात. बॅटरीचे व्होल्ट आणि कंट्रोलरने सोडलेले अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे आत गेलेली वीज. ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर ‘२५० वॉट’च्या मोटरीत ५४० वॉट ढकलतो. मोटरवर २५० छापण्यामागे कायदा असतो. युरोपात पेडल-सहाय्यक सायकलला सतत देता येणारी शक्ती २५० वॉट आणि सहाय्य २५ किमी वेगापर्यंत. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असलेलं, मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतलेलं विजेवरचं वाहन ‘मोटार वाहन’ धरत नाहीत. पुण्यातल्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं नाव त्यामुळेच या व्यवसायात सतत निघतं. इथे मोजमाप ‘तीस मिनिटांचं’ आहे हे बघा. चढावर दोन मिनिटं मोटर काय देते, हे त्या आकड्यात येत नाही.

चढाचा विषय निघालाच आहे तर आकडेमोड करूनच टाकू. ‘वेगवान वाइंडिंगला जोर कमी’ हे वाक्य सगळे म्हणतात. ते अर्धं खरं आहे. मोटरचा जोर दर फेज अँपिअरमागे (म्हणजे जाड वायरींतून मोटरीत जाणाऱ्या प्रवाहाच्या दर अँपिअरमागे) ९.५५ भागिले व्होल्टामागचे फेरे इतका न्यूटन-मीटर असतो. सात फेऱ्यांच्या मोटरीला १.३६, दहा फेऱ्यांच्या मोटरीला ०.९५. कंट्रोलर २५ फेज अँपिअर देत असेल तर पहिली ३४ न्यूटन-मीटर देते आणि दुसरी २४. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो, चाक सव्वीस इंची आणि चढ सहा टक्क्यांचा असेल तर पेडल न मारता साधारण २२ न्यूटन-मीटर लागतात, दोघी चढतील. दहा टक्क्यांच्या चढाला ३५ लागतात. तिथे पहिली थोड्या पेडलिंगने निभावते, दुसरी थांबते, आणि थांबलेल्या मोटरीत सोडलेली सगळी वीज उष्णता होते. दुसरीला तेवढाच जोर द्यायला जास्त अँपिअरचा कंट्रोलर लागेल. मोटर तेवढीच तापेल, पण आसातून जाणाऱ्या बारीक फेज वायरी आणि कंट्रोलर जास्त तापतील. घाटमाथ्यावर राहणाऱ्याने संथ वाइंडिंग घ्यावं याचं कारण हे आहे.

गिअरवाल्या मोटरीत पहिला बळी बहुधा नायलॉनचे गिअर. नवीन मागवताना मॉडेल कोडासोबत दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास आणि बेअरिंगचं भोक ही तिन्ही मापं कळवा. एकाच मालिकेतही ती बदललेली असतात.

वापरलेली मोटर घेताना काय मागायचं

विकणाऱ्याकडून पाच गोष्टी मागा: चकती काढून घेतलेला कोडाचा सरळ फोटो, आसावर व्हर्नियर लावलेला फोटो, काट्यावरचं वजन, वायरींच्या टोकांचा फोटो, आणि अधांतरी चाक पूर्ण वेगात फिरतानाचं स्लो-मोशन चित्रण, ज्यात मल्टिमीटर दिसतो. शेवटची मागणी ऐकून बरेच जण गप्प होतात. जो पाठवतो त्याच्याशी भावाचं बोला, आणि कोडात सांगितलेलं वाइंडिंग चित्रणातल्या आकड्याशी दहा टक्क्यांच्या आत जुळतंय का ते पैसे देण्याआधी तपासा.